समदुःखी : बिल विल्सन

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. घरची माणसे शपथा घालतात, धर्मोपदेशक पापाची भीती दाखवतात, डॉक्टर यकृताची अवस्था समजावून सांगतात. सारे त्याच्या हिताचेच बोलतात आणि तोही खाली मान घालून ऐकून घेतो. तरी सांगणारा काठावर उभा असतो आणि ऐकणारा पाण्यात गटांगळ्या खात असतो. हे अंतर नाहीसे झाले तर काय घडू शकते, हे विसाव्या शतकात एका माणसाच्या आयुष्यातून जगापुढे आले. हा माणूस डॉक्टर नव्हता, धर्मोपदेशक नव्हता, समाजसुधारकही नव्हता. शेअर बाजारात बुडालेला आणि दारूपायी रुग्णालयाच्या वाऱ्या करणारा तो एक दारूडा होता. विल्यम ग्रिफिथ विल्सन हे त्याचे नाव. जग त्यांना बिल विल्सन म्हणून ओळखते.

बिल यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या ईस्ट डॉर्सेट या लहानशा गावी झाला. संगमरवराच्या खाणी आणि डोंगर यांच्या कुशीत वसलेले हे गाव. बिल दहा-अकरा वर्षांचा असतानाच आईवडिलांचा संसार मोडला. वडील कामाच्या निमित्ताने दूर कॅनडात निघून गेले. आईने वैद्यकीय शिक्षणासाठी बोस्टनची वाट धरली. बिल आणि त्याची धाकटी बहीण आजोळी राहिली. आजोबा प्रेमळ होते, पण दोघांनीही आपल्याला टाकले ही भावना त्या मुलाच्या मनात खोल रुतून बसली. आपण कोणीतरी मोठे होऊन दाखवले पाहिजे, सर्वांत पुढे असले पाहिजे, असा एक हट्ट त्याच्या स्वभावात तेव्हापासूनच शिरला. एकदा आजोबा सहज बोलून गेले की बूमरँग करणे ऑस्ट्रेलियातल्या माणसाखेरीज कोणाला जमत नाही. झाले! मुलाने अभ्यास, कामे सारे बाजूला ठेवले. कित्येक महिने तो लाकडे तासत राहिला. शेवटी आपल्याच पलंगाच्या डोक्याकडची फळी कापून त्याने बूमरँग केले आणि ते फिरून परत येते हे आजोबांना दाखवले, तेव्हाच तो थांबला. पुढे याच हट्टाने त्यांना वर चढवले आणि खालीही लोटले.

शाळेत असताना ज्या मुलीवर त्यांचे प्रेम होते, ती १९१२ मध्ये शस्त्रक्रियेनंतर अचानक मरण पावली. कोवळ्या वयातील या आघाताने ते खचले. अभ्यासातून मन उडाले. मनाची ही उदासी पुढे आयुष्यभर अधूनमधून त्यांना गाठत राहिली. या अंधारातून बाहेर येत असताना ब्रुकलिनच्या एका डॉक्टरांची कन्या लोइस बर्नहॅम यांच्याशी त्यांची ओळख झाली. लोइस त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या होत्या. २४ जानेवारी १९१८ रोजी दोघांचा विवाह झाला.

त्याच्या आदल्याच वर्षी पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली होती आणि बिल सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाले होते. न्यू बेडफर्ड या गावी छावणी असताना प्रतिष्ठित घरांतून अधिकाऱ्यांना मेजवान्या दिल्या जात. खेड्यातून आलेला हा उंच, बुजरा तरुण अशा ठिकाणी अवघडून उभा राही. एका मेजवानीत त्यांच्या हाती मद्याचा पेला आला. तोवर दारूला न शिवलेल्या बिल यांना त्या पेल्याने काय दिले? आपल्यात आणि इतर माणसांत उभी असलेली भिंत कोसळल्याचा भास दिला. आपण यांच्यातलेच आहोत असे त्यांना आयुष्यात प्रथमच वाटले. व्यसनाची सुरुवात दरवेळी दुःख विसरण्यासाठीच होते असे नाही. एकटे पडलेल्या माणसाला माणसांत आल्यासारखे वाटणे, हेही त्याचे एक दार असते.

युद्धावरून परतल्यावर त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, पण दारूमुळे पदवी पदरात पडली नाही. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात मात्र त्यांची बुद्धी चमकली. कंपन्यांचे शेअर विकत घेण्यापूर्वी त्या कंपन्या प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात ही त्या काळी नवी असलेली कल्पना त्यांनी अमलात आणली. १९२५ मध्ये मोटारसायकलला बाजूगाडी जोडून पतिपत्नी कारखाने पाहत देशभर हिंडली. रात्री तंबूत मुक्काम करावा, दिवसा माहिती गोळा करावी असा क्रम होता. पैसा आला, तशी दारूही वाढली. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि त्याबरोबर तेही कोसळले. त्यानंतरची पाच वर्षे एकाच प्रकारची आहेत. शपथ, शपथभंग, कर्ज, भांडणे आणि पुन्हा शपथ. लोइस एका मोठ्या दुकानात नोकरी करून घर चालवीत. त्यांना मूल होऊ शकले नाही आणि बिल यांच्या व्यसनामुळे दत्तक मूलही मिळाले नाही. ब्रुकलिनमधील क्लिंटन स्ट्रीटवरच्या माहेरच्या घरात दोघे राहत असत.

१९३३ आणि १९३४ या दोन वर्षांत बिल चार वेळा न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात दाखल झाले. तेथील डॉ. विल्यम सिल्कवर्थ हे सहृदय गृहस्थ होते. दारूडा हा दुबळ्या चारित्र्याचा माणूस नसून आजारी माणूस आहे, असे ते मानीत. त्यांच्या मते या आजाराला दोन बाजू होत्या. पहिला घोट पोटात गेला की शरीर ॲलर्जी असल्यासारखे पेटून उठते आणि थांबणे माणसाच्या हाती राहत नाही, ही एक बाजू. तो पहिला घोट घेऊ नये हे पुरते कळूनही मन त्याचाच ध्यास घेते, ही दुसरी. ॲलर्जीची ही उपपत्ती आजचे वैद्यकशास्त्र जशीच्या तशी स्वीकारीत नाही. परंतु व्यसन हा आजार आहे ही सिल्कवर्थ यांची मूळ धारणा आज सर्वमान्य झाली आहे. आपल्याला काय झाले आहे ते बिल यांना नीट कळले, पण कळून दारू सुटली नाही. अखेर डॉक्टरांनी लोइस यांना स्पष्ट कल्पना दिली की आता यांना कोठेतरी कोंडून ठेवावे लागेल, नाहीतर मृत्यू अथवा वेड अटळ आहे.

अशा दिवसांत, नोव्हेंबर १९३४ च्या अखेरीस, एबी थॅचर हा जुना मित्र घरी आला. हा बिल यांचा पिण्यातला सोबती. बिल यांनी उत्साहाने त्याच्यापुढे पेला सरकवला. एबीने तो नाकारला. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या एका ख्रिस्ती मंडळाच्या सहवासात आपण दारू सोडल्याचे त्याने सांगितले. आपल्या चुकांची दुसऱ्यापुढे कबुली देणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता इतरांना मदत करणे, असा त्या मंडळाचा रिवाज होता. बिल यांची देवाधर्मावर श्रद्धा नव्हती. हेच शब्द एखाद्या पाद्र्याने ऐकवले असते तर त्यांनी ते हसण्यावारी नेले असते. परंतु समोर एबी बसला होता. आपल्याइतकाच बुडालेला माणूस शुद्धीवर, स्वच्छ डोळ्यांनी समोर बसलेला पाहणे, हे कोणत्याही युक्तिवादापेक्षा अवघड होते.

११ डिसेंबर १९३४ रोजी बिल चौथ्यांदा टाउन्स रुग्णालयात गेले. तेथे घोर नैराश्याच्या एका क्षणी त्यांना खोली प्रकाशाने भरून गेल्याचा आणि मन विलक्षण शांत झाल्याचा अनुभव आला. कोणी याला ईश्वरी साक्षात्कार म्हणतात, तर कोणी त्या काळच्या उपचारात दिल्या जाणाऱ्या बेलाडोना या तीव्र औषधाचा परिणाम. आपल्याला वेड तर लागले नाही ना, ही शंका खुद्द बिल यांनाही आली होती. सिल्कवर्थ यांनी त्यांना धीर दिला आणि जे काही घडले आहे ते घट्ट धरून ठेवण्याचा सल्ला दिला. अनुभवाचे स्वरूप काहीही असो, त्या तारखेनंतर बिल विल्सन यांनी दारूला स्पर्श केला नाही. त्यांचे वय तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते.

बरे झालेल्या बिल यांच्यातला तो जुना हट्टी मुलगा पुन्हा जागा झाला. आता जगातले सारे दारूडे सुधारायचे! रुग्णालयातून, गुत्त्यांतून, निवाऱ्यांतून ते एकेकाला गाठू लागले आणि आपल्या दिव्य अनुभवाची कथा ऐकवू लागले. पाच महिन्यांत एकाही माणसाची दारू सुटली नाही. निराश झालेल्या बिल यांना लोइस यांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. दुसरा कोणी सुधारला नसेल, पण या पाच महिन्यांत बिल स्वतः प्यायले नव्हते. सिल्कवर्थ यांनीही त्यांची चूक दाखवली. ते उपदेश करीत होते. आधी आजार किती भयंकर आहे ते एका रोग्याने दुसऱ्याला सांगावे, देवाधर्माचे पुढे पाहता येईल, असे डॉक्टरांचे म्हणणे होते.

या दोन्ही गोष्टींचा खरा अर्थ बिल यांना न्यूयॉर्कपासून शेकडो मैल दूर उमगायचा होता.

मे १९३५ मध्ये एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या व्यवहारासाठी ते ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात गेले. रबराच्या कारखान्यांमुळे हे शहर भरभराटीला आले होते. व्यवहार फसला. सहकारी परत गेले. ११ मे रोजी, शनिवारी, मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात ते एकटेच येरझारा घालीत होते. खिशात जेमतेम दहा डॉलर उरले होते. दालनाच्या एका टोकाला मद्यगृह होते. तेथून हसण्याबोलण्याचे, पेल्यांचे आवाज येत होते. आत जाऊन बसावे, दोन माणसांशी ओळख करून घ्यावी, एखादे सरबत प्यावे, असा विचार मनात आला आणि त्या विचारामागे दडलेला दुसरा विचार ओळखून ते हादरले. दालनाच्या दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि त्याच्याजवळ शहरातील चर्चची यादी लावलेली होती.

ते टेलिफोनकडे वळले. या क्षणी त्यांना दुसऱ्या एखाद्या दारूड्याशी बोलायचे होते, तेही त्याला वाचवण्यासाठी नव्हे. तसे बोलले नाही तर आपण स्वतः वाचणार नाही, हे त्यांना दिसले होते. एका धर्मोपदेशकाने काही नावे दिली. बिल एकापाठोपाठ एक फोन करीत राहिले. कोणी गावाला गेले होते, कोणाला वेळ नव्हता. अखेर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी त्यांचा संपर्क झाला. आपण न्यूयॉर्कहून आलेले एक दारूडे आहोत, अशी विचित्र ओळख करून देणाऱ्या या परक्या माणसाला त्यांनी घरी बोलावले. कारण त्यांच्या परिचयातील एका डॉक्टरांसाठी त्या कित्येक दिवस मदतीची वाट पाहत होत्या.

हे डॉक्टर म्हणजे रॉबर्ट होलब्रूक स्मिथ. वय पंचावन्न. निष्णात शल्यचिकित्सक, पण दारूमुळे व्यवसाय बसत चाललेला, घर गहाण, हात थरथरणारे. तेही मूळचे व्हरमाँटचेच. ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांना ते दोन वर्षांहून अधिक काळ जात होते, प्रार्थना करीत होते, धर्मग्रंथ वाचत होते आणि पीतही होते. त्या शनिवारी ते शुद्धीवर नसल्याने भेट दुसऱ्या दिवशी ठरली. १२ मे हा रविवार अमेरिकेत मातृदिन होता. पत्नीच्या आग्रहाखातर डॉक्टर आले, पण पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबणार नाही या अटीवर. संध्याकाळी पाच वाजता दोघे एका लहान खोलीत बसले. ते बाहेर आले तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजून गेले होते.

सहा तास या दोन अनोळखी माणसांनी काय बोलावे? बिल यांनी प्रवचन दिले नाही. डॉक्टरांना दारूचे दुष्परिणाम सांगण्यात अर्थच नव्हता, ते त्यांना जास्त ठाऊक होते. बिल यांनी फक्त स्वतःची हकिगत सांगितली. लपवून ठेवलेल्या बाटल्या, पहाटेची थरथर, बायकोला दिलेली आणि मोडलेली वचने, सारे सांगितले. आणि शेवटी हेही सांगितले की आपण येथे उपकार करायला आलेलो नाही, आपल्यालाच डॉक्टरांची गरज आहे. डॉ. स्मिथ यांना आजवर दारूविषयी ज्यांनी ज्यांनी ऐकवले, त्यांना ती वाचून किंवा पाहून माहीत होती. आपली भाषा बोलणारा माणूस त्यांना प्रथमच भेटला होता. मदत मागणारा आणि मदत करणारा यांच्यातला उच्चनीच भाव त्या खोलीत उरला नव्हता.

चमत्कार मात्र लगेच घडला नाही. बिल उन्हाळाभर स्मिथ यांच्याच घरी राहिले. काही आठवड्यांनी डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि झिंगूनच परतले. दोनतीन दिवसांतच त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती. बिल यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्या सकाळी डॉक्टरांच्या हाताचा कंप थांबेना, तेव्हा रुग्णालयाच्या दाराशी बिल यांनीच त्यांना बिअरची एक बाटली दिली. दारू सोडवू पाहणाऱ्याने दारू पाजावी, हे वाचून नवल वाटेल. पण वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर झटके येऊन जिवालाही धोका होऊ शकतो. आज असे रोगी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे देऊन सांभाळले जातात, तेव्हा ती सोय फारशी नव्हती. शस्त्रक्रिया पार पडली. डॉक्टर मात्र घरी परतेनात. तास उलटत गेले तशी सर्वांच्या मनात एकच भीती दाटली. ते उशिरा आले, ते शुद्धीत. ज्यांची देणी बुडवली, ज्यांना दुखावले, अशा गावातल्या माणसांच्या दारी जाऊन ते आपली चूक कबूल करून आले होते. त्यानंतर १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत डॉ. स्मिथ यांनी दारू घेतली नाही. १० जून १९३५ हा त्यांचा मुक्तीचा पहिला दिवस मानला जातो आणि तोच पुढे उभ्या राहिलेल्या संघटनेचा स्थापनादिन ठरला.

दोघांनी मिळून तिसरा शोधला. रुग्णालयात खाटेला बांधून ठेवलेला एक वकील त्यांना भेटला. तोही मुक्त झाला. मग चौथा, पाचवा. यापेक्षा वेगळी अशी काही योजनाच नव्हती. न्यूयॉर्कला परतल्यावर बिल आणि लोइस यांनी आपल्याच घरात दारूड्यांना आश्रय दिला. हा प्रयोग जवळजवळ फसलाच. आश्रितांपैकी एकाने यजमानांचे कपडे विकले आणि त्याच घरात आत्महत्या केली. आयते अन्न आणि निवारा यांनी माणूस उभा राहत नाही, हा कडू धडा त्यांना मिळाला. तरीही १९३७ च्या अखेरीस बिल आणि डॉक्टर यांनी बोटांवर मोजणी केली, तेव्हा दोन्ही शहरे मिळून दारूपासून दूर राहिलेली माणसे चाळीसच्या वर भरली. दोघेही त्या आकड्याकडे थक्क होऊन पाहत राहिले.

याच सुमारास बिल यांच्यापुढे मोठा मोह उभा राहिला. टाउन्स रुग्णालयाच्या मालकांनी त्यांना पगारी नोकरी देऊ केली. त्यांनी आपल्या पद्धतीने रोग्यांना समजवावे, रुग्णालयाच्या उत्पन्नात वाटा घ्यावा, असा तो प्रस्ताव होता. घरात पैशाची विलक्षण तंगी होती, लोइस दुकानात उभ्या राहून दमत होत्या. बिल हर्षभरित होऊन त्या संध्याकाळच्या बैठकीत आले आणि त्यांनी ही बातमी सोबत्यांना सांगितली. सोबत्यांचे चेहरे उतरले. आपल्याला मुक्त करणारी गोष्ट एका मित्राने दुसऱ्याला फुकट दिलेली होती. तिचे मोल ठरले की ती तशी राहणार नाही, असे त्यांनी सौम्यपणे पण ठामपणे सांगितले. हीच माणसे काही महिन्यांपूर्वी रस्त्यावर पडलेली होती. बिल यांनी त्यांचे म्हणणे मान्य केले आणि नोकरी नाकारली. पुढे उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर यांच्याकडे पन्नास हजार डॉलरची मागणी केली गेली, तेव्हा त्यांनीही पाचच हजार दिले. अधिक पैशाने हे काम बिघडेल, असे त्यांचे मत पडले. बिल यांचा तेव्हा हिरमोड झाला. नंतर मात्र ते या नकाराचे आभार मानीत.

१९३८ च्या डिसेंबरात बिल यांनी आपल्या सोबत्यांचा अनुभव बारा पायऱ्यांत मांडला. दारूपुढे आपण हतबल आहोत हे मान्य करणे ही पहिली पायरी, आणि हा अनुभव दुसऱ्या व्यसनी माणसापर्यंत पोचवणे ही बारावी. मधल्या पायऱ्यांत आत्मपरीक्षण, कबुली आणि ज्यांना दुखावले त्यांची भरपाई या गोष्टी येतात. ईश्वराच्या उल्लेखावरून वादळ उठले. काहींना तो ठसठशीत हवा होता, नास्तिक सोबत्यांना मुळीच नको होता. शेवटी ज्याला जसा उमजेल तसा ईश्वर, असा मार्ग निघाला. या तडजोडीमुळेच पुढे निरनिराळ्या धर्मांच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसांनाही आत यायला वाट मिळाली. एप्रिल १९३९ मध्ये ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याचेच नाव संघटनेला मिळाले. अनामिक मद्यपी, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी कर्जापायी क्लिंटन स्ट्रीटवरचे घर गेले. दोन वर्षे हे जोडपे मित्रांच्या घरी, मिळेल त्या खोलीत राहत होते.

१ मार्च १९४१ रोजी एका लोकप्रिय साप्ताहिकात या कार्यावर मोठा लेख आला. चौकशीची पत्रे पोत्यांनी येऊ लागली. वर्षाच्या सुरुवातीला सुमारे दोन हजार असलेली सभासदसंख्या वर्षअखेर आठ हजारांवर गेली. वाढीबरोबर भांडणेही आली. पैसा कोणी सांभाळायचा, अध्यक्ष कोणी व्हायचे, कोणाला आत घ्यायचे? या भांडणांतून बिल यांनी बारा परंपरा शब्दबद्ध केल्या आणि १९५० मध्ये त्या स्वीकारल्या गेल्या. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. बाहेरच्यांची देणगी घ्यायची नाही. राजकारणात, वादांत पडायचे नाही. पुढारी हे सेवक असतील, शासक नव्हेत. आणि वृत्तपत्रांपुढे कोणीही आपले पूर्ण नाव सांगायचे नाही. दारूड्याला लोकनिंदेपासून आडोसा मिळावा हा नाव झाकण्याचा पहिला हेतू होता. दुसरा हेतू बिल यांना स्वतःकडे पाहून सुचला असावा. मोठेपणाची हाव दारूइतकीच घातक ठरू शकते, हे त्यांना चांगलेच ठाऊक होते.

ही परंपरा पाळणे त्यांना सोपे गेले नाही. १९५४ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी देऊ केली. ज्यांच्या हाती कायद्याची पदवीही पडली नव्हती, त्यांच्यासाठी हा केवढा बहुमान! त्यांनी तो नाकारला. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, सेंट लुईस येथील अधिवेशनात त्यांनी संघटनेची सूत्रे सभासदांच्या निर्वाचित परिषदेकडे सोपवली.

बिल विल्सन संत नव्हते आणि त्यांना संत ठरवण्याने त्यांच्या कार्याचा अर्थच हरवतो. दारू सुटल्यानंतरही अनेक वर्षे ते तीव्र नैराश्याने ग्रासलेले होते. हजारो लोक ज्यांच्याकडे आशेने पाहत, ते स्वतः कित्येक दिवस अंथरुणातून उठू शकत नसत. पत्नीशी त्यांनी एकनिष्ठता पाळली असे त्यांचे चरित्रकार म्हणत नाहीत. सिगारेट तर त्यांना फार उशिरापर्यंत सुटली नाही. लोइस यांचे धैर्य या कथेत नेहमी मागे राहते. दारूड्याच्या घरातली माणसेही आतून आजारी पडतात, त्यांनाही समदुःखी हवे असतात, हे त्यांनी ओळखले आणि १९५१ मध्ये एका मैत्रिणीसह अशा कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही स्वतंत्र संघटना उभी केली. बिल यांना प्रथम वाट दाखवणारा एबी मात्र पुन्हा पुन्हा दारूत बुडत राहिला. बिल यांनी त्याला अखेरपर्यंत आपला गुरूच मानले आणि त्याचा सांभाळ केला.

आज ही चळवळ सुमारे १८० देशांत पोचली आहे. भारतात ती १९५७ मध्ये आली. मुंबई-पुण्यापासून ईशान्येकडील राज्यांपर्यंत शाळेच्या एखाद्या वर्गात, चर्चच्या सभागृहात किंवा रुग्णालयाच्या खोलीत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा अनेक भाषांत तिच्या सभा भरतात. एकजण उठतो, आपले नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असे सांगतो आणि बाकीचे त्याचे ऐकून घेतात. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर पडलेली माणसे कार्यकर्ते म्हणून नव्या रुग्णांच्या पाठीशी उभी राहतात. अशा सोबतीचा उपयोग खरोखर किती, हा प्रश्न संशोधकांनीही तपासला आहे. २७ अभ्यासांचा आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत या मार्गाला रीतसर जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीचे, काही बाबतींत त्यांच्याहून सरस असल्याचे त्यात आढळले. सर्वांनाच तो लागू पडतो असे नाही. कित्येक जण आले तसे निघून जातात, काहींना औषधांची आणि मानसोपचारांची जोड लागते.

धूम्रपानाने फुप्फुसे निकामी होत गेल्याने बिल यांची अखेरची वर्षे कष्टाची गेली. अंथरुणाला खिळलेल्या शेवटच्या दिवसांत, भ्रमाच्या अवस्थेत, त्यांनी व्हिस्की मागितल्याची नोंद शुश्रूषा करणाऱ्यांच्या टिपणांत सापडते. ती त्यांना दिली गेली नाही. छत्तीस वर्षांनंतरही तहान आत कोठेतरी जिवंतच होती. २४ जानेवारी १९७१ रोजी, विवाहाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, मायामी येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतरच वृत्तपत्रांनी त्यांचे पूर्ण नाव आणि छायाचित्र छापले. तोवर हजारो सभासदांना ते केवळ बिल डब्ल्यू. म्हणून माहीत होते.

ईस्ट डॉर्सेटच्या दफनभूमीत लोइस यांच्या शेजारी त्यांचे थडगे आहे. त्यावरील दगडावर संघटनेचा उल्लेख नाही. दूरदूरची माणसे तेथे येतात आणि आपण किती महिने, किती वर्षे दारूविना काढली याची खूण म्हणून संघटनेत मिळालेले नाणे त्या दगडावर ठेवून जातात.